सुवासिक डॅफोडिल: कंदापासून गुच्छापर्यंत

फेब्रुवारी उजाडला की इंग्लंडमधल्या कुठल्याही सुपरमार्केटच्या दारात बादल्यांमधून पिवळ्या कळ्यांच्या जुड्या दिसायला लागतात. जुडी घरी येते, दुसऱ्या दिवशी फुलं उमलतात, आपण सवयीनं नाक जवळ नेतो आणि फार तर ओल्या गवतासारखा वास येतो. मोगरा, निशिगंध, सोनचाफा यांच्या सहवासात वाढलेल्या माणसाची यात निराशा होते. डॅफोडिलला वास नसतोच, असा समज मग घरोघरी पक्का होऊन बसतो.

खरं तर डॅफोडिलमध्ये असे वाण आहेत की पाच दांडे दिवाणखान्यात ठेवले तर जिन्यात वास येतो. दुकानात ते सहसा नसतात, कारण तिथे लवकर फुलणारे, लांब दांड्याचे आणि पेट्यांमधून प्रवास सोसणारे वाण चालतात. सुवासिक फुलं हवी असतील तर ती स्वतःच लावावी लागतात, आणि वासाचा निर्णय कंद विकत घेतानाच करावा लागतो. खत, पाणी, ऊन यांनी फूल मोठं होईल, पण ज्या वाणात वास नाही त्यात तो येणार नाही. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा वाणांच्या निवडीला आणि त्याखालोखाल फुलं काढण्याच्या पद्धतीला दिली आहे. मधली कामं सोपी आहेत.

ब्रिटन, आयर्लंड, नेदरलँड्स, अमेरिकेचा ईशान्य भाग अशा खऱ्या थंडीच्या प्रदेशांत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे मुख्यतः लिहिलं आहे. उबदार गावांसाठी, अगदी पुण्या-नाशिकसाठीही, काय करता येईल ते शेवटी सांगितलं आहे.

पायरी 1: वाण निवडा (जुलै-ऑगस्ट)

लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं डॅफोडिलच्या वाणांचे 13 विभाग पाडले आहेत. चांगल्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वाणाच्या नावापुढे हा विभाग क्रमांक छापलेला असतो. नवख्या माणसाच्या फार उपयोगाचा आकडा आहे हा. सुगंध शोधायचा तो मुख्यतः 7, 8 आणि 9 या विभागांत, आणि दुहेरी, म्हणजे पाकळ्यांनी गच्च भरलेल्या फुलांच्या विभाग 4 मधल्या काही वाणांत. फुलाच्या मध्यभागी जो वाटीसारखा भाग असतो त्याला पेला म्हणतात; कर्ण्यासारख्या लांब पेल्याचं जे फूल चित्रात नेहमी दिसतं ते विभाग 1 मधलं. ते देखणं असतं, पण वासासाठी त्याच्या मागे लागू नका.

विभाग 7 जॉन्क्विलांचा. पानं अरुंद, कांद्याच्या पातीसारखी गोलसर, एका दांड्यावर एक ते पाच लहान फुलं, आणि वास गोड, दाट, लांबवर जाणारा. कुठल्याही एका विभागावर समाधान मानायचं असेल तर मी हाच विभाग सुचवीन. यातला ‘स्वीटनेस’ हा सोनेरी पिवळा, बळकट दांड्याचा वाण गुच्छासाठी उत्तम, पाण्यात बराच टिकतो. ‘क्वेल’च्या एका दांड्यावर दोन-तीन फुलं येतात. ‘पिपिट’ लिंबासारखा फिकट पिवळा आणि त्याचा पेला हळूहळू पांढरा होत जातो. ‘ट्रेव्हिथियन’ हा कॉर्नवॉलच्या पी. डी. विल्यम्स यांनी तयार केलेला जुना वाण अजूनही कुणाला हार जात नाही. ‘बेबी मून’ जेमतेम वीतभर उंचीचा, उशिरा फुलणारा. तो कुंडीत लावावा. जॉन्क्विलांना उन्हाळ्यात जमीन तापलेली आणि कोरडी लागते, म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतची जागा त्यांना द्या.

विभाग 8 टझेटांचा. आपण ज्याला नर्गिस म्हणतो तो याच कुळातला. काश्मीरमध्ये वसंताच्या सुरुवातीला फुलतो तो हाच. एका दांड्यावर फुलांचा घोस, वास जड, कस्तुरीच्या अंगानं जाणारा. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला समुद्रात असलेल्या सिली बेटांवर ‘सोलेई द’ऑर’ हा टझेटा भर हिवाळ्यात बाजारात पाठवण्यासाठी पिकवतात. तिथले शेतकरी उन्हाळ्यात वाफ्यांवर प्लास्टिक अंथरून त्याखाली धूर सोडतात. धुरातल्या इथिलीन वायूमुळे कंदात कळी लवकर धरते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरपासूनच फुलं मिळू लागतात. हे तिथल्या सौम्य हवेत जमतं. बर्मिंगहॅम किंवा न्यू जर्सीच्या अंगणात ‘सोलेई द’ऑर’ कडाक्याच्या थंडीत मार खाईल. तुम्ही ‘जेरेनियम’ घ्या. टझेटा आणि पोएटिकस (पुढचा विभाग 9) यांच्या संकरातून आलेला असल्यामुळे तो काटक आहे. पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, मध्ये नारिंगी पेला, एका दांड्यावर चार ते सहा फुलं आणि भरपूर वास. ‘मिनो’ हा त्याच विभागातला बुटका भाऊ. ‘ॲव्हलांश’च्या दांड्यावर पंधरा-वीस फुलं येतात, पण त्याला आडोसा लागतो.

विभाग 9 पोएटिकसांचा. सपाट पांढऱ्या पाकळ्या, मध्ये चपटा पिवळा पेला आणि त्याला लाल काठ. वासात गोडीबरोबर मसाल्याची झाक असते. दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ कुरणांत ही फुलं मे-जूनमध्ये फणीसारख्या अवजारानं खुडतात आणि त्यांचा अर्क ग्रास या अत्तरांसाठी प्रसिद्ध फ्रेंच गावातल्या अत्तरांत जातो. ‘ॲक्टिया’ हा एप्रिलमध्ये येणारा मोठ्या फुलाचा वाण. ‘फेझंट्स आय’ मे महिन्यात, बाकी सगळे डॅफोडिल संपल्यावर फुलतो. पोएटिकसांचा स्वभाव जॉन्क्विलांच्या अगदी उलट आहे. त्यांना जमीन उन्हाळ्यातही किंचित ओलसर लागते, म्हणून गवतात किंवा सफरचंदाच्या झाडाच्या कडेला ते वर्षानुवर्षं सुखानं राहतात.

विभाग 4 मधले सगळे सुगंधी नाहीत. टझेटांपासून आलेले दुहेरी वाण मात्र वासाला अप्रतिम असतात: ‘ब्रायडल क्राउन’, ‘चिअरफुलनेस’, त्याचाच पिवळा प्रकार ‘यलो चिअरफुलनेस’, आणि ‘जेरेनियम’च्या फुलात आपसूक बदल होऊन निघालेला ‘सर विन्स्टन चर्चिल’. लहान गुलाबासारखी गच्च भरलेली फुलं. गुच्छात हे इतके शोभतात की बघणाऱ्याला ते डॅफोडिल आहेत हे सांगावं लागतं. एकच अडचण आहे. वसंत कोरडा आणि एकदम गरम झाला तर दुहेरी कळ्या न उमलता तपकिरी पडतात. कळी दिसल्यापासून फूल येईपर्यंत यांना पाणी कमी पडू देऊ नका.

पहिल्याच वर्षी दहा प्रकारचे दोन-दोन कंद घेण्याचा मोह होतो. तसं केलं तर बागेत सगळं थोडं थोडं दिसतं, आणि गुच्छापुरती फुलं एका वेळी कधीच मिळत नाहीत. त्यापेक्षा चारच वाण घ्या, प्रत्येकाचे वीस-पंचवीस कंद: ‘ब्रायडल क्राउन’, ‘स्वीटनेस’, ‘जेरेनियम’ आणि ‘फेझंट्स आय’. दक्षिण इंग्लंडमध्ये ही चौकडी साधारण मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत एकापाठोपाठ एक फुलते. उत्तरेला गेलात, स्कॉटलंडला वगैरे, तर सगळं दोन-तीन आठवडे पुढे ढकला. गुढीपाडवा मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीही येतो, म्हणजे बहुतेक वर्षी पाडव्याला यातलं एक ना एक फूल घरात असतं.

पायरी 2: कंद पारखून घ्या

कंद ऑगस्टपासून विकायला येतात. चांगला कंद हातात घेतल्यावर जड लागतो आणि दाबला तर दबत नाही. कांदा घेताना आपण बोटांनी जी परीक्षा करतो तीच इथेही करायची. तळ मऊ लागला किंवा त्यावर गुलाबी-तपकिरी कूज दिसली तर तो कंद फुकट मिळाला तरी घेऊ नका. हा बुरशीचा रोग आहे आणि तो जमिनीत राहतो. वरची कागदी साल थोडी सुटली असेल तर काही बिघडत नाही. दोन नाकांचे, म्हणजे दोन टोकांचे, जोडकंद मिळाले तर जरूर घ्या, त्यांना पहिल्याच वर्षी दोन किंवा जास्त दांडे येतात. जॉन्क्विलांचे कंद मुळातच लहान असतात, ते बघून फसवणूक झाली असं समजू नका.

घरी आणल्यावर कागदी पिशवीत, हवेशीर आणि थंड जागी ठेवा. प्लास्टिकमध्ये ते घामेजून कुजतात. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो: स्वयंपाकघरात, कांद्या-लसणाजवळ कंद कधीही ठेवू नका. डॅफोडिलचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि कंदात विष सर्वाधिक असतं. लायकोरीन नावाच्या द्रव्यामुळे उलट्या, पोटदुखी, जुलाब होतात. कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो, आणि न उमललेल्या कळ्यांची जुडी चिनी लसूण पातीसारखी. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागानं 2015 मध्ये दुकानदारांना डॅफोडिल भाजीपाल्यापासून दूर ठेवायला सांगितलं ते याच कारणानं. घरात आजी-आजोबा भारतातून राहायला आले असतील तर त्यांना पिशवी दाखवून ठेवा. कुणी चुकून खाल्लंच तर वाट न बघता वैद्यकीय मदत घ्या.

पायरी 3: जागा आणि माती

दोन गोष्टी लागतात: वसंतात सहा तास ऊन आणि पाण्याचा निचरा. पानझडी झाडाखाली लावलेले कंद चालतात, कारण झाडाला पानं फुटेपर्यंत यांची फुलं होऊन गेलेली असतात. सदाहरित झाडाच्या दाट सावलीत मात्र पहिल्या वर्षानंतर नुसती पानं येतात.

लंडनच्या आसपास किंवा अमेरिकेच्या बऱ्याच भागांत माती चिकण असते. हिवाळ्यात तिथे पाणी साचतं आणि कंद कुजतात. वाफा वीतभर उंच करा, खणताना पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि जाड खडी मिसळा. ताजं शेणखत घालू नका. त्यातल्या नत्रानं पानं माजतात, फुलं कमी येतात आणि कुजण्याचा धोका वाढतो.

गुच्छांसाठी फुलं हवी असतील तर थोडी वेगळी जागा काढा. अंगणातल्या शोभेच्या वाफ्यातून फूल तोडायला हात धजत नाही. भाजीच्या वाफ्याच्या कडेला चार-पाच हात लांबीच्या दोन ओळी पुरतात. तिथून मनसोक्त तोडा, अंगण भरलेलंच राहील.

पायरी 4: लागवड (सप्टेंबर-ऑक्टोबर)

ट्यूलिप नोव्हेंबरमध्ये लावतात. डॅफोडिल त्याआधी. जमिनीत थोडी ऊब असताना यांची मुळं फुटतात, म्हणून ब्रिटनमध्ये सप्टेंबर सगळ्यात चांगला, ऑक्टोबर चालेल, नोव्हेंबर म्हणजे उशीर. अमेरिकेच्या ईशान्य भागात सप्टेंबरच्या अखेरीपासून, जमीन गोठायच्या कितीतरी आधी, काम उरका.

हातमोजे घाला. कंदाच्या सालीत आणि चिकात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानं बऱ्याच जणांना खाज सुटते. व्यावसायिक शेतावर फुलं खुडणाऱ्यांना होणारा पुरळ याचाच.

खोलीचा नियम सोपा आहे: कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा. 5 सेंटिमीटरचा कंद असेल तर खड्डा 15 सेंटिमीटर, म्हणजे कंदावर 10 सेंटिमीटर माती येते. हलक्या वाळूच्या जमिनीत आणि गवतात आणखी थोडं खोल जा. वरवर लावलेले कंद फुटून लहान लहान पिल्लांचा झुबका होतो आणि फुलं बंद होतात. नवख्यांच्या बागेत फूल न येण्याचं हे फार मोठं कारण असतं. टोक वर, चपटा तळ खाली. कंद आडवा पडला तरी तो वाट काढतो, पण मुद्दाम तशी पाळी आणू नका.

अंतर वाफ्यात 10 ते 15 सेंटिमीटर ठेवा. गुच्छांच्या ओळीत 8-10 सेंटिमीटर चालतं, कारण तिथले कंद आपण लवकर उकरून विरळ करणार असतो. लावल्यावर माती हातानं दाबा आणि एकदा भरपूर पाणी द्या. पाऊस पडत असेल तर तेवढंही नको. प्रत्येक वाणाच्या जागी नावाची पट्टी खोवा. वसंतात कोणता वास कुणाचा हे कळायला ती लागते.

कुंडीत लावायचे असतील तर किमान 25-30 सेंटिमीटर खोल कुंडी घ्या. इथे कंद एकमेकांना न टेकतील एवढे जवळ लावता येतात, शिवाय मोठ्या कुंडीत दोन थर: खाली ‘जेरेनियम’, वर ‘मिनो’. वरचे कंद खालच्यांच्या टोकांवर नेमके येणार नाहीत इतकं बघा. कुंडी बाहेरच ठेवा. थंडी लागली पाहिजे, तीच तर कळीला दांडा उंच करायला लावते. बहुतेक डॅफोडिलना 9 अंश सेल्सिअसच्या खाली तीन-चार महिने काढावे लागतात. घरात हीटरजवळ ठेवलेल्या कुंडीत बुटकी, अर्धवट फुलं येतात.

खारी कंद उकरतील ही भीती ट्यूलिपच्या बाबतीत खरी आहे. डॅफोडिल विषारी असल्यामुळे खारी आणि हरणं ते खात नाहीत. क्वचित नव्यानं उकरलेली माती बघून खार कंद बाहेर टाकते, तो परत लावून टाका.

पायरी 5: हिवाळा ते कळी

या काळात जवळजवळ काहीच करायचं नसतं. जानेवारीत कोंब वर आले आणि मग बर्फ पडला तर घाबरू नका, पानं ते सहज सोसतात. फेब्रुवारीत कोंब बोटभर झाले की पोटॅश जास्त आणि नत्र कमी असलेलं खत ओळींमध्ये भुरभुरा. कळ्या दिसू लागल्यावर आठवडाभर पाऊस नसेल तर पाणी द्या. झालं.

पायरी 6: फुलं काढणं आणि गुच्छ बांधणं

एकेरी फुलाच्या वाणांची कळी आधी पेन्सिलीसारखी सरळ उभी असते, मग मान वाकवते. मान काटकोनात वाकली, कळीवर रंग चढला, पण पाकळ्या अजून मिटलेल्या आहेत, ही फूल काढायची वेळ. व्यावसायिक लोक याला हंसाची मान म्हणतात. अशी कळी घरात एक-दोन दिवसांत उमलते आणि सगळे दिवस तुमच्या डोळ्यांसमोर काढते.

सुवासिक वाणांना मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नका. घोसाच्या वाणांत, म्हणजे ‘जेरेनियम’, ‘क्वेल’ यांत, एक-दोन फुलं पूर्ण उमललेली असावीत. दुहेरी वाण जवळपास पूर्ण उघडल्यावरच काढा. ‘चिअरफुलनेस’ची हिरवी कळी तोडली तर ती फुलदाणीत तशीच राहते, उमलत नाही. शिवाय वास फूल उमलल्यावर तयार होतो, म्हणून वासाच्या फुलांना एखादा दिवस झाडावर जास्त देणं कधीही चांगलं.

सकाळी लवकर, दव असताना जा. दांडा कात्रीनं कापण्याऐवजी बोटं जमिनीपर्यंत नेऊन, किंचित पिळून ओढा. तो तळातून सुटतो आणि उंचीही पूर्ण मिळते. सोबत पानं तोडू नका. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांवर अवलंबून आहे. गुच्छाला हिरवाई हवी तर आयव्ही, हेलेबोरची पानं किंवा गवताची पाती घ्या. दांड्याचं पांढरट बूड पाणी नीट शोषत नाही, ते घरी आल्यावर कापून टाका.

आता चिकाची गोष्ट. तोडलेल्या दांड्यातून बुळबुळीत चीक गळतो. तो इतर फुलांना मारक असतो, विशेषतः ट्यूलिपना. म्हणून डॅफोडिल आधी एकटेच, उंच बादलीत, थंड पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी फेका, दांडे धुवा आणि मग दुसऱ्या फुलांबरोबर ठेवा. त्यानंतर दांडे पुन्हा कापू नका, कापले की चीक परत सुरू होतो. उंची कमी करायची असेल तर ती आधीच करून घ्या. नव्यानं शिकणाऱ्याला मी तर सांगेन की सुरुवातीला डॅफोडिलचेच गुच्छ करा, दोन-तीन वाणांचे. ‘स्वीटनेस’चा सोनेरी आणि ‘ब्रायडल क्राउन’चा सायीसारखा पांढरा रंग एकत्र फार सुंदर दिसतो, आणि चिकाचा प्रश्नच उरत नाही. फुटलेल्या विलोच्या मखमली कळ्यांच्या किंवा फोर्सिथियाच्या दोन-चार डहाळ्या मागे खोवल्या की गुच्छाला उंची येते.

बांधायची रीत अशी. डाव्या हातात एक दांडा धरा. पुढचा प्रत्येक दांडा थोडा तिरपा, एकाच दिशेनं ठेवत जा आणि दर दोन दांड्यांनी गुच्छ हातात थोडा फिरवा. दांड्यांचा पीळ तयार होतो आणि फुलं वर मोकळी पसरतात. सुतळीनं सैलसर बांधा, दांडे पोकळ असल्यामुळे घट्ट दोऱ्यानं चिरडतात. सगळे चेहरे एका बाजूला आले नाहीत ना ते बघा. डॅफोडिल हे तोंड असलेलं फूल आहे, ते कुणाकडे तरी बघत असतं.

फुलदाणीत पाणी चार-पाच बोटं पुरे. खोल पाण्यात दांडे मऊ पडून फाटतात. पाणी रोज बदला आणि फुलदाणी हीटरपासून, फळांच्या टोपलीपासून दूर ठेवा, कारण पिकणाऱ्या फळांतून इथिलीन निघतो. थंड खोलीत आठवडाभर फुलं ताजी राहतात. वास मात्र ऊबेत फुलतो, म्हणून रात्री थंड खोलीत ठेवून पाहुणे येण्याआधी तासभर दिवाणखान्यात आणणं हा सोपा उपाय. फुलदाणीतलं पाणीही विषारी असतं, कुत्र्या-मांजराच्या तोंडाला लागू देऊ नका.

पाडव्याला किंवा पूजेला ही फुलं वापरायची असतील तर वेगळ्या भांड्यात ठेवा. तीर्थात, नैवेद्याच्या ताटात, केसांत माळायला ती नकोत. चीक अंगाला लागतो आणि खाण्यात जाण्याची भीती राहते.

पायरी 7: फुलं गेल्यावर

बहुतेक लोक इथे कंटाळतात आणि पुढच्या वर्षी फुलं का आली नाहीत म्हणून विचारत बसतात. डॅफोडिलची पुढच्या वर्षीची कळी या वर्षीच्या मे-जूनच्या सुमारास, जमिनीखाली कंदात धरू लागते. त्यासाठी लागणारं अन्न तेव्हा हिरवी असलेली पानं बनवतात. वाळलेली फुलं बियांच्या बोंडासकट खुडून टाका, पण पानांना किमान सहा आठवडे हात लावू नका. त्यांच्या वेण्या घालणं, गाठी मारणं, रबर लावणं हे सगळं नीटनेटकं दिसतं आणि कंदाला उपाशी ठेवतं. पानं पिवळी पडून आपोआप लोळली की मगच कापा. गवतात लावले असतील तर तोपर्यंत तिथे यंत्र फिरवू नका. पिवळी पानं डोळ्यांना खुपत असतील तर शेजारी डे-लिली किंवा होस्टा लावा, त्यांची पानं नेमकी तेव्हाच वर येऊन झाकून टाकतात.

कुंडीतल्या कंदांना या काळात दर पंधरा दिवसांनी टोमॅटोसाठी मिळणारं द्रव खत द्या.

चार-पाच वर्षांनी झुबके दाटतात आणि फुलं कमी होतात. जूनच्या अखेरीस, पानं वाळल्यावर पण पूर्ण नाहीशी व्हायच्या आत, बागकामाच्या काट्यानं उकरा, आपोआप सुटतील तेवढे कंद वेगळे करा, मऊ पडलेले फेकून द्या. बाकीचे लगेच लावा किंवा जाळीदार पिशवीत सप्टेंबरपर्यंत टांगा. एवढं करूनही फूल आलं नाही तर तीन गोष्टी तपासा: खोली, सावली, आणि कंदमाशी. ही माशी लहान भुंग्यासारखी दिसते आणि मे-जूनमध्ये वाळत्या पानांच्या बुंध्याशी अंडी घालते. अळी आतून कंद पोखरते. पानं गेल्यावर तिथे राहिलेली भोकं कुदळीनं मोडून माती दाबणं हा घरगुती बागेतला सगळ्यात चांगला उपाय. पानांवर पिवळे पट्टे आणि वाढ खुंटलेली दिसली तर तो विषाणू असतो. ते झाड कंदासकट उपटून कचऱ्यात टाका, खताच्या खड्ड्यात नको.

थंडी नसलेल्या गावांसाठी

‘पेपरव्हाइट’ हा पांढरा, घोसाचा वाण थंडी मागत नाही. उथळ भांड्यात खडे भरा, त्यावर कंद जवळजवळ बसवा, पाणी कंदाच्या फक्त तळाला टेकेल इतकंच ठेवा. चार ते सहा आठवड्यांत फुलं येतात, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला बसवले तर संक्रांतीला घर सुगंधी. घरात दांडे फार उंच होऊन कोलमडतात. त्यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्यम मिलर यांनी एक उपाय शोधला आहे. कोंब तीन-चार सेंटिमीटर झाल्यावर साध्या पाण्याऐवजी सुमारे 5 टक्के अल्कोहोल असलेलं पाणी द्यायचं, म्हणजे एक भाग व्होडकाला सात भाग पाणी. झाड सुमारे एक-तृतीयांशानं बुटकं राहतं, फुलं तेवढीच येतात. बिअर किंवा वाइन चालत नाही, त्यातली साखर बाधते. ‘पेपरव्हाइट’च्या वासात इंडोल असतं. कुणाला तो मोगऱ्याच्या जवळचा वाटतो, कुणाचं डोकं चढतं, तेव्हा झोपायच्या खोलीत तो ठेवण्याआधी घरच्यांना विचारा.

पुणे, नाशिक, महाबळेश्वर इथेही हिवाळ्यात कुंडीत ‘पेपरव्हाइट’ फुलवता येतो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर, रात्री गार झाल्यावर लावा आणि दुपारच्या उन्हातून बाजूला ठेवा. आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तो कंद पुन्हा फुलण्याची आशा धरू नका, एका हंगामाचं फूल म्हणूनच घ्या. बाकीच्या डॅफोडिलना आपली थंडी पुरत नाही, त्यावर पैसे घालू नका. तेवढ्याच जागेत निशिगंध लावलात तर फुलदाणी वर्षानुवर्षं भरेल.

टेक्सस किंवा अमेरिकेच्या इतर दक्षिण राज्यांत राहणाऱ्यांनी जॉन्क्विल आणि टझेटा यांनाच धरून राहावं. ‘ग्रँड प्रायमो’ आणि ‘कॅम्परनेल’ हे जुने वाण तिथे जुन्या घरांच्या अंगणांत आपोआप टिकून आहेत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये सगळे महिने उलटे करा: लागवड मार्च ते मेच्या सुरुवातीपर्यंत, फुलं जुलै ते सप्टेंबर. तिथे ‘अर्लीचिअर’ हा पांढरा दुहेरी वाण सहज मिळतो आणि वासाला तो भरपूर आहे, सुरुवात त्यानंच करा.